चतुःसीमा बघा, मगच क्रूझची खोली घ्या

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की प्लॉटच्या जाहिरातींचे फलक सुरू होतात. त्यातल्या निम्म्यांवर 'रिव्हर टच' असं ठळक लिहिलेलं असतं. आमच्या सापगावातला माणूस ते वाचून गालातल्या गालात हसतो. भातसेला टच म्हणजे किती टच, हे त्याला माहीत असतं. धरणाचे दरवाजे उघडले की पुलाकडे सगळ्यांचे डोळे लागतात, तेव्हा तो टच प्लॉट कुठे असतो, हेही त्यानं पाहिलेलं असतं. म्हणून इथला माणूस जमीन घेताना फलकावर जात नाही. सातबारा काढतो, खरेदीखतातली चतुःसीमा वाचतो. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, वाट कुठून, ओढा कुठे, हे बघतो आणि मग विसाराचे पैसे देतो.

हाच माणूस क्रूझचं बुकिंग करताना मात्र 'सी व्ह्यू विथ बाल्कनी' एवढे शब्द वाचून पैसे भरून मोकळा होतो. मीही तेच केलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी आग्रह धरला आणि आम्ही दोघं जहाजावर गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझीच होती. खोली होती नाश्त्याच्या हॉलच्या बरोबर खाली. पहाटे पाच वाजता डोक्यावर खुर्च्या सरकायला लागायच्या. बाल्कनीचं दार उघडलं तर समोर केशरी रंगाची जीवरक्षक नौका टांगलेली. तिच्या वरच्या फटीतून समुद्र दिसायचा. बायको म्हणाली, "समुद्र बघायला आलोय का होडीचं पोट बघायला?" उत्तर नव्हतं. त्याच जहाजावर, त्याच दरात, चाळीस पावलांवरच्या खोलीत दुसरं एक कुटुंब अगदी आरामात होतं.

तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: खोलीचा प्रकार दुय्यम, खोलीची जागा पहिली.

आधी ठरवा, बाल्कनी हवीच का?

कोकण बोटीच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून गोव्याकडे जाणाऱ्या बोटीत बहुतेकांचं तिकीट डेकचं असायचं. सतरंजी पसरायची आणि रात्र काढायची. पण जागेची पारख तेव्हाही होतीच. सरावलेला कोकणी माणूस इंजिनाची धग, तेलाचा वास आणि संडासाची वाट टाळून पथारी टाकायचा. आज खोलीला कार्ड लावून दार उघडत असलं, तरी पारख तीच लागते.

बाल्कनी ही तशी अलीकडची चैन. १९८४ मध्ये 'रॉयल प्रिन्सेस' हे जहाज आलं. त्याच्या सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या आणि बऱ्याच खोल्यांना स्वतंत्र बाल्कनी होती. पुढे जगभर ही कल्पना पसरली आणि आज नव्या मोठ्या जहाजांत बाल्कनीच्या खोल्याच जास्त असतात. जुन्या जहाजांचं तसं नाही. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून प्रवाशांना नेणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' १९९० मध्ये बांधलेलं आहे, सुमारे २११ मीटर लांबीचं. त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे त्यात आतल्या आणि खिडकीच्या खोल्या भरपूर, बाल्कनीच्या मोजक्या, आणि त्याही महागड्या दर्जात.

त्यामुळे सरळ हिशेब करा. मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन-तीन रात्रींची सहल असेल, तर दिवसाचा बराच वेळ तुम्ही जेवणात, कार्यक्रमांत, वरच्या मोकळ्या डेकवर किंवा गोव्यात फिरण्यात घालवाल. रात्री बाल्कनीतून काळोख दिसतो. अशा सहलीला मध्यावरची खिडकीची किंवा आतली शांत खोली पुरते. उरलेले पैसे पुढच्या प्रवासाला ठेवा. बाल्कनीचे पैसे खरे वसूल होतात ते सिंगापूरहून निघणाऱ्या पाच-सात रात्रींच्या सफरीत, किंवा जिथे किनारा दिवसभर सोबत चालतो अशा नॉर्वे, अलास्कासारख्या वाटांवर. आई-वडिलांना घेऊन जात असाल आणि त्यांना गर्दीत बसवत नसेल, तर लहान सफरीतही बाल्कनीचा उपयोग होतो. पहाटे चहाचा कप घेऊन कोणाचा धक्का न लागता बसायला मिळणं, हे त्यांच्यासाठी मोठं असतं.

खोलीला सहा सीमा

जमिनीला चार सीमा. जहाजावरच्या खोलीला सहा: डावी, उजवी, समोरची, मागची, वरची आणि खालची. जमिनीच्या व्यवहारात वर आकाश आणि खाली माती असते, म्हणून त्या दोन आपण विचारात घेत नाही. जहाजावर झोप उडवतात त्या नेमक्या याच दोन.

वरची सीमा सगळ्यात आधी बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे आरामखुर्च्या मांडण्याचा आणि रात्री उशिरा आवरण्याचा आवाज येतो. वर बुफे असेल तर खुर्च्या आणि ट्रॉल्या. वर धावण्याचा ट्रॅक असेल तर सूर्योदयाआधी धपधप सुरू. अनेकजण 'सगळ्यात वरची खोली म्हणजे सगळ्यात भारी' असं समजून याच मजल्यावर जातात. वरून नजारा थोडा मोठा दिसतो, हे खरं. पण डोक्यावर काय आहे हे न बघता ती खोली घेऊ नका.

खालची सीमा म्हणजे पायाखाली काय आहे. नाट्यगृह, डिस्को, कॅसिनो किंवा बार असेल तर संगीताची धडधड पलंगापर्यंत पोचते. नाट्यगृह रात्री अकराला थांबेल, डिस्को थांबत नाही.

डाव्या-उजव्या सीमेला दोन गोष्टी तपासा. पहिली, शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार. मोठ्या कुटुंबांना दोन खोल्या एकत्र करता याव्यात म्हणून ते ठेवलेलं असतं. तुमचं कुटुंब मोठं असेल तर अशीच खोली मुद्दाम मागा. अनोळखी शेजारी असेल तर मात्र त्या दारातून त्याची खोकल्याची उबळही ऐकू येते. दुसरी, सफाई कर्मचाऱ्यांची सामान ठेवायची खोली. तिचं दार दिवसभर उघडतं, मिटतं.

समोरची सीमा म्हणजे खोलीबाहेरची बोळ. लिफ्ट आणि जिना तुमच्या दारालाच लागून नको, कारण रात्री दीड वाजता कार्यक्रम संपवून येणारे लोक तिथेच गप्पा मारत उभे राहतात. फार लांबही नको. जहाजाची बोळ दोनशे-तीनशे मीटर लांब असू शकते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला दिवसातून सहा वेळा तेवढं चालणं जड जातं. लिफ्टपासून सात-आठ खोल्या सोडून असलेली जागा चांगली.

मागची सीमा समुद्राची. हिच्यासाठीच तर पैसे मोजतोय, म्हणून हिच्यात सगळ्यात जास्त फसगत होते. बाल्कनीसमोर किंवा जरा खाली जीवरक्षक नौका टांगलेल्या असतील तर दृश्य अडतं. अशा खोल्या 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' म्हणून कमी दरात विकतात. ती सवलत तुम्हाला सांगितली असेल तर व्यवहार स्वच्छ आहे. नसेल तर विचारा. काही जहाजांवर पुढच्या बाजूच्या खालच्या बाल्कन्यांना काचेऐवजी पोलादी कठडा असतो. उभं राहिलं तर समुद्र दिसतो, खुर्चीत बसलं की फक्त पांढरा रंगवलेला पत्रा. आणि अगदी प्रचंड जहाजांवर अशाही बाल्कन्या असतात ज्या समुद्राकडे न बघता जहाजाच्या आतल्या बागेकडे किंवा चौकाकडे बघतात. नाव बाल्कनीचंच, समोर दुकानं.

सगळ्यांत सुरक्षित सूत्र एवढंच: जिच्या वरही राहण्याच्या खोल्या, खालीही राहण्याच्या खोल्या आणि शेजारीही राहण्याच्या खोल्या, ती खोली घ्या. माणसं रात्री झोपतात, हॉल झोपत नाहीत.

बोट लागू नये म्हणून

एसटीत मागच्या चाकावरची सीट कोणी आनंदानं घेत नाही. प्रत्येक खड्डा तिथे दुप्पट होऊन लागतो. मधल्या सीटवरचा माणूस त्याच रस्त्यावर डुलकी काढतो. जहाजाचं गणित वेगळं नाही.

जहाज दोन तऱ्हांनी हलतं. एक, पुढचं टोक वर तर मागचं खाली आणि मग उलटं, जसा तराजूचा दांडा वरखाली होतो. दोन्ही पारडी झुलतात, मधली मूठ जवळजवळ जागेवर असते. म्हणून लांबीच्या मध्यावरची खोली सगळ्यात स्थिर. दुसरं हलणं डावी-उजवीकडचं, झाड वाऱ्यात डोलतं तसं. शेंडा जास्त डोलतो, बुंधा कमी. म्हणून जितकी खोली खाली, तितका झोका कमी. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं बऱ्यापैकी आवरतात. पुढे-मागे झुलणं मात्र त्यांच्यानं फारसं आवरत नाही. त्यामुळे दोन्हींतलं एकच साधणार असेल, तर मजल्यापेक्षा मध्य साधा.

ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना समुद्रात बोट लागण्याची शक्यता जास्त. माळशेज घाट उतरताना खिडकीशी पिशवी घेऊन बसणारं कोणी घरात असेल, तर त्याच्यासाठी खोली मध्यावरच घ्या आणि बाल्कनीच्या मजल्यांतला खालचा मजला घ्या, अर्थात समोर नौका टांगलेली नाही याची खात्री करून. बाल्कनीचा इथे खरा फायदा आहे: मोकळी हवा आणि नजरेला स्थिर क्षितिज मिळालं की मळमळ कमी होते. गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच बरोबर घ्या. रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर विचारणं आणखी गरजेचं.

टोकाच्या खोल्यांचंही ऐका. अगदी पुढे, ज्याला खलाशी नाळ म्हणतात त्या बाजूला, झोका जास्त, वारा जास्त आणि बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा खडखडाट. अगदी मागच्या टोकाला बाल्कनी अनेकदा मोठी मिळते आणि पाण्यावर उमटणारा पांढरा पट्टा तासन्‌तास बघत बसता येतो. त्याची किंमत म्हणजे पंख्यांची थरथर आणि कधीकधी धुराड्याची काजळी. झोप गाढ असेल तर ही खोली मजेची. हलकी असेल तर नको.

उजवी बाजू की डावी?

लोकलमध्ये हवेची बाजू आणि उन्हाची बाजू कोणती हे आसनगाव लोकलच्या प्रवाशाला शिकवावं लागत नाही. तोच हिशेब इथे करा. मुंबईच्या बंदरातून जहाज दक्षिणेकडे निघतं तेव्हा उजव्या हाताला कुलाबा आणि शहराचे दिवे, डाव्या हाताला घारापुरी, उरण आणि पुढे कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलेलं खांदेरीचं दीपगृह. खुल्या समुद्रात आल्यावर उजवीकडे पश्चिम, म्हणजे मावळता सूर्य. डावीकडे पूर्व, म्हणजे कोकणचा किनारा आणि उगवता सूर्य. जहाज किनाऱ्यापासून लांबून जातं, त्यामुळे किनारा म्हणजे दिवसा धूसर रेघ आणि रात्री दिव्यांचे ठिपके, एवढीच अपेक्षा ठेवा.

गोव्याहून परत उत्तरेकडे येताना हे सगळं उलटं होतं. म्हणून जाऊन-येऊन सफर असेल तर बाजूसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंना वाटणी सारखीच होते. एकमार्गी प्रवास असेल तर मात्र बाजू ठरवून घ्या. सूर्यास्त हवा असेल तर गोव्याकडे जाताना उजवी. दुपारच्या उन्हाचा त्रास होत असेल तर डावी.

वाऱ्याचाही विचार करा. पावसाळा सरल्यावर या किनाऱ्यावर दुपारनंतर बहुतेक वायव्येचा वारा असतो, त्यामुळे समुद्राकडची बाल्कनी जास्त वाऱ्याची. शिवाय जहाज स्वतः ताशी १५ ते २० सागरी मैलांनी, म्हणजे साधारण २८ ते ३७ किलोमीटरच्या वेगानं चालत असतं. मोटारसायकलवर मागे बसल्यासारखा वारा अंगावर येतो. म्हाताऱ्या माणसांसाठी कानटोपी आणि शाल मार्चमध्येही बरोबर ठेवा.

डेक प्लॅन हा सातबारा

प्रत्येक जहाजाचा मजलावार नकाशा कंपनी उपलब्ध करून देते. त्याला डेक प्लॅन म्हणतात. एजंटकडे तो मागा. जो एजंट 'त्याची काही गरज नाही' म्हणतो, त्याच्याकडून तर नक्की मागा. वाचायची रीत सोपी आहे.

नकाशाचं निमुळतं टोक म्हणजे पुढची बाजू. जहाजाचे लांबीत तीन भाग करा आणि मधल्या भागावर बोट ठेवा. खोलीच्या क्रमांकाचे सुरुवातीचे अंक बहुतेक वेळा मजला सांगतात. पुढून मागे जाताना क्रमांक वाढत जातात. सम आणि विषम क्रमांक बहुतेक जहाजांवर दोन वेगळ्या बाजूंना असतात, पण कोणत्या बाजूला कोणते हे कंपनीगणिक बदलतं.

आता वरच्या मजल्याचा आणि खालच्या मजल्याचा नकाशा शेजारी ठेवा आणि तुमच्या खोलीच्या जागी काय येतं ते बघा. नकाशात मोठी कोरी जागा दिसली, जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही, तर ती स्वयंपाकघर, यंत्रं किंवा कर्मचाऱ्यांची जागा असू शकते. तिच्या शेजारची खोली टाळा. खोलीवरच्या खुणांचा अर्थ कोपऱ्यात दिलेला असतो: मधल्या दाराची खूण, वरून खाली येणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या बर्थची खूण, चाकाच्या खुर्चीसाठीच्या खोलीची खूण. शेवटच्या प्रकारच्या खोल्या ऐसपैस असतात, पण ज्याला गरज आहे त्याच्यासाठी त्या राहू द्याव्यात.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

१. खोलीचा क्रमांक आत्ता मिळेल का? 'गॅरंटी' नावाच्या स्वस्त दरात फक्त प्रकाराची हमी असते, खोली कंपनी नंतर आपल्या सोयीनं देते. आपलं सगळं जागेवर असेल तर हा दर आपल्या कामाचा नाही.

२. बाल्कनीसमोर किंवा खाली जीवरक्षक नौका आहेत का? कठडा काचेचा आहे का?

३. खोलीच्या वर काय, खाली काय?

४. शेजारी उघडणारं दार आहे का?

५. दर माणशी आहे का खोलीचा? जहाजांचे दर सहसा एका खोलीत दोघं धरून माणशी सांगतात. बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवा शुल्क धरून शेवटचा आकडा किती?

६. खोली बदलली गेली तर काय? कंपनीनं 'अपग्रेड' म्हणून वरची पण टोकाची खोली दिली, तर नाकारता येईल का?

सहाही उत्तरं लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही चालेल, फोनवरचं आश्वासन नको.

आपल्याकडून निघताना

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, म्हणून मुंबईच्या क्रूझचा खरा मोसम पाऊस ओसरल्यानंतरचा. शांत पाण्यासाठी डिसेंबर ते मार्च हे महिने धरावेत. नाताळ आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत मध्यावरच्या खोल्या आधी जातात, तेव्हा त्या काळात जायचं तर चार-सहा महिने आधी ठरवा.

जहाज बॅलार्ड पिअरच्या बाजूनं सुटतं. तिथल्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्‌घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. सीएसएमटीवरून तिथे टॅक्सीनं काही मिनिटं लागतात. आसनगावहून सीएसएमटी दोन-सव्वादोन तास. मुरबाडकरांना अजून रेल्वे नाही, त्यांनी कल्याणपर्यंतचा वेळ वेगळा धरावा. मध्य रेल्वेचा भरवसा आपण सगळेच जाणतो, आणि जहाज उशिरा आलेल्यासाठी थांबत नाही. चेक-इन सुटण्याच्या बराच आधी बंद होतं. सकाळची लोकल पकडून दुपारी तिथे पोचलेलं बरं. देशातल्या सफरीला प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, लहान मुलांचंही, आणि परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा.

खोलीत पोचलात की आधी बॅग उघडू नका. बाल्कनीत जाऊन खुर्चीत बसून बघा, पाच मिनिटं आवाज ऐका, मधलं दार आहे का ते बघा. तक्रार असेल तर लगेच स्वागत कक्षात सांगा. रिकाम्या खोल्या असतील तर पहिल्या तासात बदलून मिळण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी फारशी नसते.

बाल्कनीत लहान मुलांना एकटं सोडू नका. खुर्ची कठड्याला टेकवून ठेवू नका. ओले टॉवेल कठड्यावर वाळत घालू नका, वाऱ्यानं उडून ते खालच्या माणसाच्या चहात पडतील. अनेक जहाजांत बाल्कनीचं दार उघडं ठेवलं की खोलीतला एसी बंद पडतो, म्हणून दार ओढून घ्यायची सवय लावा. आणि सिगारेट तर मुळीच नको. मार्च २००६ मध्ये कॅरिबियन समुद्रात 'स्टार प्रिन्सेस' जहाजाच्या बाल्कन्यांना आग लागली, शंभरावर खोल्यांचं नुकसान झालं आणि एका प्रवाशाचा जीव गेला. न विझलेलं सिगारेटचं थोटूक हे त्याचं संभाव्य कारण ठरलं. त्यानंतर बाल्कनीतल्या सामानासाठी आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि बहुतेक कंपन्यांनी तिथे धूम्रपान बंद केलं.

खोली कितीही महाग घ्या, समुद्र सगळ्यांना एकच मिळतो. फरक पडतो तो झोपेत आणि खुर्चीत बसल्यावर समोर काय दिसतं त्यात. तेव्हा पैसे भरण्याआधी अर्धा तास काढा, डेक प्लॅन टेबलावर पसरा, खोलीवर पेन्सिलीनं गोल करा आणि तिच्या सहाही सीमा कागदावर लिहून काढा. एकही रकाना रिकामा राहिला तर विसार देऊ नका.